साधना कट आणि नवऱ्याचा मोजा

"काकू, तुझा चेहरा ना, एकदम साठ सालातला आहे."

हे वाक्य माझ्या पुतणीने रविवारी सकाळी, माझ्याच घरी, मीच केलेले पोहे खाता खाता म्हटलं. माझा जन्म १९७३ चा. म्हणजे मी जन्मायच्या तेरा वर्षं आधीच माझा चेहरा तयार होऊन कुठल्यातरी फडताळात पडून होता, असा त्याचा अर्थ. तिच्या ताटलीवर धरलेला खोबऱ्याचा हात मी मागे घेतला.

"अगं, कौतुक केलं मी! व्हिंटेज चेहरा आहे तुझा!"

व्हिंटेज या शब्दाची मला धास्ती आहे. आमच्या घरी एखादी वस्तू आधी 'जपून ठेव' असते, मग 'माळ्यावर टाक' होते आणि शेवटी 'बोहारणीला दे'. पुतणीच्या पिढीने त्यापुढे चौथी पायरी काढली आहे, ती व्हिंटेज. मी मागे तीन जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून एक स्टीलचं पातेलं घेतलं होतं, घासाघीस करून वर झाकणही मिळवलं होतं. तसल्याच साड्यांचे फोटो पुतणीने फोनवर दाखवले आणि एकेकीची किंमत सांगितली. मी उठून स्वयंपाकघरात जाऊन त्या पातेल्याकडे बघून आले. त्यात वरण होतं.

पुतणीने नोकरी सांभाळून धंदा काढला होता. पन्नास-साठ सालच्या धर्तीचे कपडे शिवून घ्यायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि फोनवरून विकायचे. कपडे तयार होते, फोटोवाला तयार होता, फक्त ते अंगात घालणारी मुलगी ऐन वेळी फिरली होती. तिने तासाचे जे पैसे मागितले, त्यात आमच्याकडे महिन्याचं वाणसामान येतं. तेव्हा कुठे पुतणीला काकूच्या चेहऱ्यातलं साठ साल दिसलं.

"अगं, पण मी बावन्न वर्षांची आहे."

"म्हणून तर! गिऱ्हाइकांना आता खऱ्या बायका बघायच्या असतात."

बावन्न वर्षं मी खरी बाई म्हणून वावरले, पण त्याला बाजारात भाव आहे हे त्या दिवशी कळलं.

"फुकट आहेस म्हणून विचारतेय ती," नवरा पेपरामागून म्हणाला. त्याच क्षणी मी होकार दिला. संसारातले निम्मे निर्णय असेच होतात.

सुरुवात केसांपासून झाली. पार्लरमधली मुलगी सकाळी साडेसातला घरी आली. डोक्यावर जो केसांचा डोंगर उभा करायचा होता, त्याला बीहाइव्ह म्हणजे मधमाश्यांचं पोळं म्हणतात, असं तिने सांगितलं. शिकागोच्या मार्गारेट विंची हेल्ट नावाच्या बाईंनी १९६० साली एका मासिकासाठी ही रचना केली, हेही तिने फोनवर वाचून दाखवलं. त्या बाईंना भरघोस केसांची मॉडेल मिळाली असणार. माझ्या डोक्यावर पोळं बांधायचं मधमाश्यांनी ठरवलं असतं, तर जागा बघूनच त्या परत फिरल्या असत्या.

"केस कमी पडतात, काकू. आत काहीतरी भरावं लागेल. गंगावन आहे?"

"तुळशीबागेतून आणावं लागेल. आत्ता दुकानं उघडली नसतील."

"मग मोजा आहे?"

मला वाटलं, माझे पाय गार पडले म्हणून विचारतेय. तर नाही. मोज्याची गुंडाळी करून ती केसांच्या आत ठेवायची आणि वरून केस फिरवायचे. नवऱ्याचा ऑफिसला घालायचा काळा मोजा हाताशी होता. धुतलेला होता. ही गोष्ट मी ज्याला त्याला सगळ्यात आधी सांगते.

तासाभराने आरशात पाहिलं तर माझी उंची चार बोटं वाढली होती. केस इतके ओढून बांधले होते की भुवया वर गेल्या होत्या आणि खाली यायला तयार नव्हत्या. त्यामुळे विजेचं बिल नुकतंच हातात पडल्यासारखा भाव चेहऱ्यावर कायमचा मुक्कामाला आला होता. स्प्रे तर असा मारला होता की टिचकी मारली तर नारळासारखा आवाज यावा.

"अगं, माझा एक काळा मोजा दिसत नाही!" आतून आवाज आला.

"असेल इथेच कुठेतरी. माझ्या डोक्याला त्रास देऊ नकोस."

पहिला पोशाख होता फ्रॉक. ठिपक्याठिपक्यांचा, कमरेत चिमटलेला, खाली घेरदार. पुतणी त्याला पोल्का म्हणत होती. आम्ही पोलक्यांच्या घराण्यातले, पोल्का आमच्यात नवीन. ही सगळी करणी ख्रिस्तियान दिओर यांची. १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये त्यांनी आपले कपडे पहिल्यांदा लोकांपुढे आणले. मुठीत मावेल अशी कंबर आणि पोटऱ्यांपर्यंत अफाट घेर. त्याला न्यू लुक असं नाव पडलं. काही झग्यांना म्हणे वीस-वीस वार कापड लागलं. माझ्या आजीने नऊ वारात लग्न, सात बाळंतपणं, कनवटीचे पैसे आणि सातही पोरांची नाकं एवढं सगळं बसवलं होतं. दिओरना वीस वारात एक कंबर बसवायची होती, आणि तीसुद्धा माझी नव्हती.

माझी कंबर आणि फ्रॉकची कंबर यांची पत्रिका काही जुळेना. पाठीवरची चेन घाटात एसटी बंद पडावी तशी अर्ध्यावर थांबली.

"पुढून मस्त दिसतंय," पुतणी म्हणाली. "तू पाठ दाखवायचीच नाहीस."

मग उरलेल्या खिंडीवर सेफ्टी पिना आल्या. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८४९ साली ही पिन शोधली आणि तिचे हक्क चारशे डॉलरना विकून तो मोकळा झाला. माझ्या पाठीवरच्या अकरा पिना त्याला दाखवल्या असत्या, तर तो ढसाढसा रडला असता.

फोटो काढायचे होते महात्मा फुले मंडईत. जुनी दगडी इमारत मागे छान दिसते म्हणे. रिक्षात मी बसले, पण फ्रॉकच्या आतला जाळीचा कॅनकॅन बसेना. पुढून दाबला तर बाजूने फुगायचा, बाजूने दाबला तर थेट नाकाशी यायचा. वर डोक्यावरचं पोळं टपाला टेकू नये म्हणून मान तिरकी धरलेली.

"ताई," रिक्षावाला म्हणाला, "तेवढी छत्री मिटा. आरशात मागचं काही दिसत नाही."

तशात पुतणीने मला एक गोष्ट सांगितली, जी तिने घरी सांगायला हवी होती. त्याच १९४७ साली पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या बाजारात दिओरचे झगे घालून काही मॉडेल फोटो काढायला गेल्या होत्या. युद्ध संपून दोनच वर्षं झालेली, कापडाची टंचाई, बायका अंगावरचं ठिगळ सांभाळत भाजीच्या रांगेत उभ्या. त्यांच्यासमोरून हा वीस वारांचा घेर झुलत गेला. बायका खवळल्या, मॉडेलच्या अंगावर धावून गेल्या आणि त्यांनी ते झगे ओढून फाडले.

"आणि तू मला मंडईत घेऊन चालली आहेस?"

"काकू, पुण्यात कुणी अंगावर येत नाही. नुसतं बोलतात."

हे अगदी खरं निघालं. पॅरिस परवडलं असतं.

"कसलं नाटक आहे हो?"

"नाटक नाही, फोटो काढतोय."

"मग असं का घातलंय?"

यावर उत्तर नव्हतं. मी पाठ लपवत खेकड्यासारखी आडवी सरकत होते. पण मंडईला चारही बाजू आहेत आणि चारही बाजूंना गाळे. शेवटी मागून एका भाजीवाल्या मावशींचा आवाज आलाच.

"ताई, मागून उसवलंय तुमचं."

"उसवलं नाही. ते तसंच आहे."

"असं होय," त्या म्हणाल्या. त्या दोन शब्दांत त्यांनी फ्रान्स, दिओर आणि मला निकालात काढलं. मग गाळ्यावरून उतरून, तोंडातली पानाची गुळणी सांभाळत, सुतळीने त्यांनी माझी पाठ पोत्याचं तोंड शिवावं तशी पक्की बांधून दिली. पॅरिसच्या बायकांनी फाडलं, पुण्याच्या बाईने बांधून दिलं. त्याबद्दल पावशेर गवार मात्र घ्यावी लागली. त्या फोटोंत माझ्या हातात जी पिशवी दिसते, तिच्यात साठ सालातली नजाकत नसून गवार आहे.

फोटोवाला बाविशीचा मुलगा होता. त्याला साठ साल माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"काकू, कॅमेऱ्याकडे बघू नका. दूर बघा. काहीतरी हरवल्यासारखं."

मला नवऱ्याचा मोजा आठवला आणि हसू फुटलं.

"हसू नका! त्या काळातल्या बायका अशा हसत नसत."

माझ्या आईच्या आणि मावशीच्या हसण्याने शेजारच्या वाड्यातलं तान्हं मूल दचकून उठायचं. पण त्या कृष्णधवल नव्हत्या, एवढंच. "वजन एका पायावर. पोट आत. हनुवटी बाहेर. बोटं सैल. नाजूक उभ्या राहा." पाच अवयवांना पाच हुकूम. चौथा पाळेपर्यंत पहिला सुटायचा.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. दुसरा मोजा अजून मिळाला नव्हता. मी त्याला माझं दुःख सांगितलं, की बाईसारखं नाजूक उभं राहणं मला जमत नाही म्हणतात.

"त्यात काय? बालगंधर्वांना जमायचं."

राग आला तो हे खरं असल्यामुळे. नारायणराव राजहंस साडी नेसून रंगभूमीवर आले आणि साडीचा पदर कसा घ्यावा, दागिने कसे ल्यावेत, हे घरोघरच्या बायका त्यांचं पाहून शिकल्या. पुरुषाने बाईची नक्कल केली आणि बायकांनी त्या नकलेची. मूळ बाई बहुधा त्या वेळी घरी भाकऱ्या थापत होती, तिला कुणी विचारलं नाही.

"आणि हो," नवरा म्हणाला, "निघताना कुकरखालचा गॅस बंद केला होतास ना?" आणि त्याची रेंज गेली.

मी दूर बघितलं.

"हाच! काकू, हाच भाव!" क्लिक. क्लिक. क्लिक.

सगळ्या दिवसातला तो सर्वांत चांगला फोटो निघाला. पुतणीने त्याखाली 'विरहिणी' असं लिहिलं. गॅस बंदच होता, पण विरह अस्सल होता.

दुपारी चुडीदार. १९६५ च्या 'वक्त' सिनेमात साधनाने अंगाला घट्ट बसणारा कुर्ता आणि चुडीदार घातला आणि देशभरातल्या कॉलेजातल्या मुलींनी शिंप्यांच्या दारात रांगा लावल्या. ते कपडे भानू अथैया यांच्या कल्पनेतले. मूळच्या राजोपाध्ये, कोल्हापूरच्या. पुढे 'गांधी'साठी त्यांना ऑस्कर मिळालं, तेही योग्यच. पण त्या चुडीदारात पाऊल घालणारीला निदान शौर्यपदक तरी मिळायला हवं होतं.

माझी टाच अडकली. पुतणीने खालून ओढलं, मी वरून. मी पलंगावर आडवी, पाय छताकडे, डोक्यावर नवऱ्याचा मोजा. शेवटी पार्लरवाल्या मुलीने जुनी युक्ती सांगितली. पायाला प्लास्टिकची पिशवी चढवा, मग पाय सुळकन जातो. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी असलेली पातळ पिशवी आमच्या घरी नाही, असं मी सोसायटीच्या सभेत ठासून सांगितलं होतं. गादीखाली तेवीस निघाल्या. उजवा पाय खरंच सुळकन गेला आणि पिशवी खालून बाहेर आली. डाव्या पायाची पिशवी मात्र आत पोटरीशी जी अडकली, ती तिथेच राहिली. त्यानंतर मी जिथे जाईन तिथे चिवड्याची पुडी चालत आल्यासारखा आवाज येत होता. फोटोत आवाज येत नाही, ही त्या कलेची थोरवी.

अथैया बाईंचीच आणखी एक करामत पुतणीकडे होती. १९६८ च्या 'ब्रह्मचारी'तली मुमताजची केशरी साडी. शिवलेली, बाजूला चेन असलेली. नेसायची नाही, चढवायची. चेन हा शब्द ऐकताच माझ्या पाठीत सुतळी करकचली. मी हात जोडले.

"बरं, मग निदान एखादी खरी जुनी वस्तू तरी घाल," पुतणी म्हणाली.

खरी जुनी वस्तू म्हटल्यावर मला माझी मावशी आठवली. वय बयाऐंशी. तिच्या दिवाणखान्यात तिचा १९६३ सालचा फोटो आहे. स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला महाल, शेजारी तिवईवर फुलदाणी. कपाळावर साधना कट, डोळ्यांवर गॉगल, हातात पर्स, अंगात फुग्याच्या बाह्यांचा झंपर. लहानपणी मला वाटायचं की मावशी सिनेमात होती आणि घरच्यांनी ती गोष्ट दाबली.

"कसली सिनेमात!" मावशी ट्रंक उघडत म्हणाली. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास सुटला. "गॉगल शेजारणीचा. पर्स स्टुडिओवाल्याची, आत रद्दी भरलेली. साडी तुझ्या आईची. मी तिला न विचारता नेसून गेले होते. फोटोत माझा म्हणून एवढा झंपरच."

"आणि साधना कट?"

"तो मोरीत बसून, भाजीच्या कात्रीने. आमच्या अण्णांनी विचारलं, हिचं कपाळ कुठं गेलं? आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

गंमत अशी की साधनाचं कपाळही असंच गेलं होतं. १९६० च्या 'लव्ह इन सिमला'च्या वेळी तिचं रुंद कपाळ कॅमेऱ्यात फार दिसतं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर पुढचे केस कापायला लावले. म्हणजे ऑड्री हेपबर्नची झेरॉक्स साधना, साधनाची झेरॉक्स मावशी आणि मावशीची झेरॉक्स मी. चौथ्या प्रतीला शाई फिकी येणारच.

"फोटोत पण काय ऐटीत उभी आहेस गं!"

"ऐट कसली? स्टुडिओवाला म्हणाला, हलू नका, श्वास घेऊ नका. पिना टोचत होत्या. आणि घरी दूध तापत ठेवलं होतं, ते उतू गेलं असेल या काळजीत मी दूर बघत होते."

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आमच्या घराण्यात दुधाच्या जागी कुकर आला, एवढीच काय ती प्रगती.

झंपर पॉपलिनचा होता. मूळ मोरपिशी, पण धुऊन धुऊन आभाळासारखा फिका पडलेला. तो विशीतल्या मावशीच्या मापाचा होता, म्हणजे माझा एक दंड त्यात जेमतेम मावला असता. मी तो घेऊन आमच्या शिंप्याकडे गेले. बरोबर दिओरचा फ्रॉकही घेतला, म्हटलं, जमलं तर दोन्ही सैल करून घ्यावेत. पुतणी मागे होती आणि फोटोवाला तिच्या मागे.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. आधी फ्रॉक उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"याला काही करता येणार नाही. यात माया नाही ठेवलेली."

"कापड वाया जातं ना, काका," पुतणी म्हणाली. "खर्च वाढतो."

मग मास्तरांनी झंपर उलटा केला आणि हातातली कात्री खाली ठेवली.

"बाई, हा कुणी शिवला?"

"आजीने. घरच्या मशिनवर."

"दोन्हीकडून दोन-दोन बोटं माया आहे. बाह्यांनासुद्धा! आता असं कोणी ठेवत नाही."

मी तिथूनच मावशीला फोन लावला. ती म्हणाली, "हो, मी भांडले होते तिच्याशी. म्हटलं, एवढं कापड आत कशाला दडवतेस, बाह्या जरा आणखी फुगव ना. तर म्हणाली, आज तू काडी आहेस. उद्याचं कुणी सांगावं? आणि तुझ्यानंतर कोण घालील, ती काय काडीच असेल कशावरून?"

मास्तरांनी टाके उसवले. आत दुमडलेलं कापड इतक्या वर्षांत उन्हात गेलं नव्हतं, बादलीत बुडलं नव्हतं. ते तसंच गर्द मोरपिशी होतं. शिवण नव्याने घातली, तेव्हा आभाळी झंपराच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत एकेक मोरपिशी पट्टा आला. मी दुकानाच्या पडद्यामागे जाऊन तो अंगात घातला. एकही पिन लागली नाही. सुतळी नाही, पिशवी नाही. सकाळपासून पहिल्यांदा मी पोट बाहेर सोडून श्वास घेतला.

मोजा तेवढा डोक्यात होता. नवरा संध्याकाळच्या कार्यक्रमाला एक काळा आणि एक निळा मोजा घालून गेल्याचं त्याने कळवलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही म्हणे, उलट एका तरुणाने नवी फॅशन का म्हणून विचारलं.

मी पडद्याबाहेर आले आणि पुतणीने टाळीच वाजवली.

"काकू! बाजूचे ते गडद पट्टे! काय सुरेख डिझाइन आहे! त्या काळच्या लोकांची दृष्टीच वेगळी होती."

"अगं, डिझाइन नाही ते. माया आहे."

पण ती मास्तरांकडे वळली होती.

"काका, आपल्या सगळ्या मालाला असे पट्टे लावायचे. वेगळ्या रंगाचं कापड आणून वरून शिवा."

"लावतो की," मास्तर म्हणाले. "आणि आत माया किती ठेवू?"

"आत कशाला? ती कुणाला दिसते?"

मास्तरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. मी काही ऐकलंच नाही असं दाखवत दूर बघितलं.

"हाच! काकू, हाच भाव!"

क्लिक.